सातव्या ओळीचं खातं

पेंटरांना काम मिळालं ही आनंदाची बातमी होती. पण आनंदाची बातमी घरात कधी रिकाम्या हातानं येत नाही, बरोबर एक फॉर्म घेऊन येते.

काम असं की, नवं हॉस्पिटल उभं राहिलं होतं आणि त्याच्या दोनशे सोळा दरवाज्यांवर क्रमांक आणि नावं रंगवायची होती. हातानं, ब्रशनं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं होतं, "स्टिकर नकोत मला. फिनेलच्या फडक्यानं सहा महिन्यांत कोपरे उचलतात, आणि 'प्रसूतिगृहा'चं नुसतं 'गृह' उरतं." घरी येईपर्यंत पेंटरांनी हे वाक्य तीनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या कलेबद्दल इतकं गोड कुणी बोललं नव्हतं.

फॉर्म मात्र डॉक्टरीणबाईंनी दिला नव्हता, तो हॉस्पिटलच्या हिशेबनिसानं दिला होता. हिशेबनीस मान वर न करता म्हणाला, "पैसे रोख मिळणार नाहीत, थेट खात्यात जातील. खातं तुमच्या स्वतःच्या नावावर हवं. शुक्रवारी पाचपर्यंत क्रमांक आणून द्या, नाही तर तुमच्या दुकानासमोरच्या स्टिकरवाल्याचं दरपत्रक माझ्याकडे आलेलंच आहे."

त्या दिवशी मंगळवार होता आणि पेंटरांना खातं नव्हतं.

जुनं उकरून काढू नये, हे खरं. पण चार वाक्यं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, तेव्हा सांगून टाकतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. तीन वर्षांपूर्वी पेंटरांच्या मेहुण्यानं प्लॅस्टिकच्या कागदातून अक्षरं कापणारं यंत्र कर्जावर घेतलं, आणि त्या कर्जाला पेंटर जामीन राहिले. आपल्याच धंद्याच्या गळ्यावर फिरायची सुरी, आणि तिच्या धारेची हमी देणारे आपणच! मेहुण्यानं पहिले दोन हप्ते भरले आणि तिसऱ्याच्या वेळी बँकेला नुसत्या शुभेच्छा दिल्या. बँकेनं यंत्र उचललं, लिलावात काढलं, आणि ते घेतलं कुणी, तर पेंटरांच्या दुकानासमोरच्या स्टिकरवाल्यानं. उरलेल्या कर्जापोटी पेंटरांचं खातं आधी रिकामं झालं, मग बंद झालं. बाकीचं त्यांनी पाट्या रंगवून फेडलं, पै न पै. पण त्यांच्या नावापुढे जो लाल शेरा बसला तो बसलाच. देव माफ करतो तेव्हा पाटी कोरी करतो. हे पतवाले माफ करतात तेव्हा त्याच पाटीवर मोठ्या अक्षरात 'माफ केले' असं लिहून ठेवतात. आणि रोज सकाळी दुकानाची फळी काढली, की समोरून ते यंत्र टर्रर्र करून पेंटरांना नमस्कार घाली.

असो. संध्याकाळी घरात सभा भरली.

सभेचं अध्यक्षपद खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कांकडे आपोआप गेलं. त्यांना सगळे 'साहेब' म्हणत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण फॉर्म दिसला की त्यांचा हात अजून खिशातल्या पेनाकडे जाई.

"वहिनी, चहा टाका," साहेब खुर्चीत बसत म्हणाले. "मामला गंभीर आहे."

"मामला दुपारपासून गंभीर आहे, चहा मघाशीच टाकलाय," पेंटरांची बायको आतून म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही उत्तर आधी सांगून रीत मागून दाखवायची.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवर निघाल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "अहो, वहिनींच्या खात्यात घ्या ना पैसे! एवढं काय त्यात?"

"स्वतःच्या नावावर हवं म्हणतो तो."

"मग तुमचं नाव आणि वहिनींचं नाव..."

"एक नाही," बायको आतून म्हणाली. "तेवीस वर्षं झाली, अजून एक झालेलं नाही."

साहेबांनी हात वर करून सभा शांत केली. "माझं ऐका. बँकेत जाताना गरजू दिसायचं नाही. गरजू माणूस दिसला की बँकेच्या पोटात गोळा येतो. कोट घालायचा. बसा म्हणायच्या आत बसायचं. आणि खातं मागायचं नाही, 'बघतोय' म्हणायचं. आपण काय, चार ठिकाणी बघतोय."

"माझ्याकडे कोट नाही."

"माझा आहे," साहेब म्हणाले, आणि तो कोट आणायला इतक्या चपळाईनं उठले, की बारा वर्षं ते याच बोलावण्याची वाट बघत असावेत. निरोपसमारंभातला कोट होता तो. साहेब त्या काळी अंगानं भरलेले होते. पेंटर मुळात ब्रशच्या दांड्यासारखे. कोट चढवल्यावर पेंटर आत कुठे आहेत हे शोधावं लागत होतं.

बुधवारी सकाळी पेंटरांनी चार बँकांची माहितीपत्रकं आणली आणि पलंगावर पसरली. खातं निवडायचं होतं. 'सुवर्ण', 'रौप्य', 'कुटुंबसौख्य', 'यशोशिखर'! खात्यांची नावं बघून वाटावं, की मुक्तीच वाटतायत, फक्त महिन्याचं शुल्क वेगळं. बायकोनं वहीत उभ्याआडव्या रेघा मारल्या: महिन्याचं शुल्क, किमान शिल्लक, शिल्लक कमी पडली तर दंड. पेंटरांनी चष्मा लावून पत्रकं उजेडात धरली.

"ही बँक नको."

"का? हिचं शुल्क सगळ्यांत कमी आहे."

"हिचा 'क्ष' बघ. पोटात दुखत असल्यासारखा वाकलाय. ज्यांना 'क्ष' सांभाळता येत नाही ते पैसे काय सांभाळणार?"

"अहो, आपल्याला खातं उघडायचंय, जावई शोधायचा नाही."

पण पेंटरांचं एक मात्र मानायला हवं. पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या पावलांसारखी जी ओळ असते, ती सगळ्या मजल्यांत मिळून तेच एकटे वाचत. आयुष्यभर तशा ओळी त्यांनीच रंगवल्या होत्या. "मोठ्यानं बोलायची लाज वाटते ते माणूस बारीक अक्षरात लिहितो," असं ते म्हणत. त्या दिवशी चारही पत्रकांच्या तळाशी त्यांना एकच ओळ सापडली: खाते देणे अर्जदाराच्या पतअहवालावर अवलंबून राहील.

बायकोनं पेन्सिल खाली ठेवली. वहीतले रकाने तसेच कोरे राहिले.

"साधं खातं असतं म्हणे एक," संध्याकाळी साहेब म्हणाले. "शिल्लक ठेवायची नाही, उसने मिळत नाहीत, चेकबुक नाही. पैसे आले, पैसे काढले. पत बघत नाहीत. आमच्या ऑफिसात कुणीतरी ऐकलं होतं. पाहिलेलं मात्र कुणी नाही."

"म्हणजे देवासारखं," पेंटर म्हणाले.

"देव निदान हाक मारली तर ऐकतो," बायको म्हणाली.

गुरुवारी पेंटर कोट घालून दोन बँकांत गेले. पहिल्या बँकेत ते बसा म्हणायच्या आत बसले. ती खुर्ची शिपायाची निघाली. दुसऱ्या बँकेत "बघतोय" म्हणाले, तेव्हा काउंटरवरची व्यक्ती "बघा" म्हणून जेवायला गेली ती चाळीस मिनिटांनी आली. दोन्ही ठिकाणी शेवट एकच झाला. नाव टाकलं, पडदा लाल झाला, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर ते भाव आले, जे डॉक्टर नाडी बघून नातेवाइकांकडे वळतो तेव्हा येतात. साध्या खात्याचं विचारलं तर दोघांनीही अगदी निरागसपणे सांगितलं, की असं काही नसतं.

त्या संध्याकाळी पेंटर कोपऱ्यात बसून राहिले. समोरचं टर्रर्र घरापर्यंत ऐकू येत नसे, पण त्यांना आलं. सामानाच्या पिशवीत सहा ब्रश होते, खारीच्या केसांचे, दर वापरानंतर तेलात बुडवून कागदात गुंडाळलेले. बायकोनं ते बाहेर काढले आणि त्यांच्यासमोर ओळीनं मांडले.

"हे कशाला?"

"शनिवारी लागतील ना. तपासून ठेवा."

"आणि खातं?"

"उद्या मोठ्या बँकेत जा. आणि तो कोट उतरवून जा. तुमचं अंग कुठेय ते तरी दिसू दे त्यांना."

आता इथून खरं आख्यान सुरू होतं. आतापर्यंत झाला तो पूर्वरंग.

मोठी बँक बाजाराच्या टोकाला होती. शुक्रवारी पेंटर रंगाचे डाग पडलेला आपला नेहमीचा सदरा घालून दोन वाजता आत शिरले. काउंटरवर एक तरुण बाई होत्या, सर्दीनं बेजार झालेल्या. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातानं टायपिंग. त्यांनी पेंटरांचं नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं, आणि रुमालातून म्हणाल्या, "काका, लाल येतंय."

"माहीत आहे. लाल माझा आवडता रंग आहे. साधं खातं द्या."

"कोणतं?"

"ज्याला पत लागत नाही ते."

बाई चपापल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणाला ऐकू तर गेलं नाही ना, अशा बेतानं. मग त्या मॅनेजरसाहेबांना घेऊन आल्या. मॅनेजर नीटनेटके गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावरचं प्रत्येक कागदपत्र कडेला समांतर होतं.

"आमच्याकडे सुवर्ण आहे," मॅनेजर म्हणाले.

"ते मला मिळणार नाही."

"ते तुम्हाला मिळणार नाही," मॅनेजरांनी मान्य केलं.

"मग सांगता कशाला?"

"माहिती असावी म्हणून. पत खराब असलेल्यांसाठी आमच्याकडे काहीही नसतं. नियमच नाही तसा."

नियमच नाही! पेंटर उठले. जाता जाता त्यांनी भिंतीला हात टेकला. भिंतीवर एक भलामोठा चकचकीत स्टिकर डकवलेला होता: कर्ज घेतल्यामुळे हसत सुटलेलं एक कुटुंब. आईबाप, दोन मुलं, आणि कुत्राही हसत होता. त्या स्टिकरची धार बघून पेंटरांनी ओळखलं, ही त्याच यंत्राची कापणी. डाव्या बाजूला सुरी किंचित अडखळायची, मेहुण्याच्या हाती असल्यापासूनची खोड होती ती.

आणि मग त्यांची नजर खाली उजव्या कोपऱ्यात गेली. स्टिकर तिथे बोटभर कमी पडला होता. त्या बोटभर जागेतून निळी चौकट डोकावत होती, आणि चौकटीच्या कोपऱ्यात एक इवलंसं हिरवं पान होतं.

हे पान काय आहे, ते सांगायला हवं. पेंटर कुठल्याही पाटीवर नाव घालत नसत. पण प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, तांदळाएवढं, एक पान काढत. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नसे.

पेंटर पाच सेकंद त्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांना सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वीचं काम. 'ग्राहकांचे हक्क', दहा ओळी, निळी चौकट. मजकूर काय होता ते विचाराल, तर ते कामच नव्हे त्यांचं. पाटी लिहिताना अर्थ बघायचा नसतो, अंतर बघायचं असतं. पण एक ओळ मात्र त्यांच्या काळजावर कोरली गेली होती, कारण ती चौकटीत मावत नव्हती. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले होते, "मधले पाच शब्द टाकून द्या, कोण वाचतंय?" आणि पेंटर म्हणाले होते, "अक्षर बारीक करतो, शब्द टाकत नाही." अर्धा दिवस जास्त गेला होता. त्याचे पैसेही मिळाले नव्हते.

"साहेब," पेंटर वळून म्हणाले, "सातवी ओळ."

"काय?"

"तुमचा नियम या कुत्र्याखाली आहे."

मॅनेजरनं कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रा हसतच होता.

पेंटरांनी कोपऱ्याला नख लावलं. "अहो, अहो! भिंत बँकेची आहे ती!" मॅनेजर धावले.

"भिंत तुमची. अक्षर माझं."

"मी पोलिसांना बोलवीन!"

"बोलवा. त्यांची पाटीही मीच लिहिलीय."

एवढ्यात काउंटरमागून रुमालातला आवाज आला, "काका, डाव्या कोपऱ्यातून घ्या. तिथं गोंद कमी आहे." मॅनेजरनं वळून पाहिलं तेव्हा बाई शिंकत होत्या.

पेंटरांनी डावा कोपरा धरला, आणि ओढण्याआधी क्षणभर थांबले. भीती वाटली, पण ती मॅनेजरची नव्हे. गोंद हा मोठा दुष्ट पदार्थ. वर्षानुवर्षं चिकटलेला कागद ओढला, की खालचा रंग घेऊन येतो. रंग आला तर ओळ गेली, ओळ गेली तर नियम गेला, आणि पेंटरच चळले होते असं जग म्हणेल. त्या वेळी अस्तराचे दोन हात दिले होते का? वार्निश पुरतं वाळलं होतं का? अकरा वर्षांपूर्वीचा आपला हात प्रामाणिक होता की नव्हता, याची परीक्षा माणसावर अशी भर बँकेत यावी! त्यांनी डोळे मिटले, ज्याचं नाव घ्यायचं त्याचं घेतलं, आणि ओढलं.

आधी धाकटा मुलगा सुटला. मग आई. बाप अर्ध्यात फाटला, त्याचं हसू भिंतीवरच राहिलं. कुत्रा शेवटपर्यंत सोडत नव्हता. आणि खालून ती पाटी निघाली, निळी, शाबूत, एकेक वेलांटी जागच्या जागी. वार्निशवर गोंद चिकटला होता, रंगाच्या केसालाही धक्का नव्हता.

रांगेत सात-आठ माणसं होती. त्यांतल्या एक आजी म्हणाल्या, "काय लिहिलंय रे बाबा? चष्मा घरी राहिला माझा. मोठ्यानं वाच."

पेंटरांनी छाती भरून घेतली आणि वाचलं, "सात! मूलभूत बचत खाते मागणाऱ्या कोणाही व्यक्तीस, तिची पत कशीही असली तरी, ते नाकारता येणार नाही!"

"काय काय? पुन्हा म्हण."

"तिची पत कशीही असली तरी!"

"नाकारता येणार नाही!" रांगेतला एक ड्रायव्हर मागून म्हणाला. पत हा शब्द ऐकून त्यालाही काही आठवलं असावं. पेंटरांनी पुन्हा ओळ धरली, आणि या खेपेला मागच्या चारपाच जणांनी एका सुरात "नाकारता येणार नाही" उचललं. कथेकरीबुवांनी पद आळवावं आणि मागच्यांनी ध्रुपद झेलावं, तसा रंग चढला. टाळ नव्हते, आजींनी पासबुकावर पासबुक आपटून ती उणीव भरून काढली. बँकेच्या त्या चकचकीत दालनात एवढा सात्त्विक आवाज पूर्वी कधी झाला नसेल.

मॅनेजर पाटीसमोर उभे राहून ती ओळ स्वतः वाचत होते. दोनदा वाचली. कोपऱ्यातला मुख्य कार्यालयाचा हुकूम-क्रमांकही वाचला. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं ती पाटी खरोखरच कधी पाहिली नव्हती, तो आला त्याच्या आधीपासून तिथे कुत्रा हसत होता.

"पण यंत्र घेत नाही हो," ते हळू आवाजात म्हणाले. "स्कोअर टाकला की लाल येतं."

"सर," बाई नाक पुसत म्हणाल्या, "साध्या खात्याच्या फॉर्मवर स्कोअरचा रकानाच नाही. आपण सगळ्यांना सुवर्णचा फॉर्म देतो म्हणून लाल येतं."

"मग साधा फॉर्म कुठाय?"

"कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात. गठ्ठा अजून फोडलेला नाही."

गठ्ठा फोडला गेला. घड्याळात साडेतीन वाजले होते. इथं गोष्ट संपायला हवी होती, पण सुख आणि माणूस यांच्या मध्ये नेहमी एक सही असते.

फॉर्मवर तीन ठिकाणी सही करायची होती. पहिल्या ठिकाणी चौकोनी डबी होती, काडेपेटीच्या निम्मी. पेंटरांनी तिचा अंदाज घेतला, नाव वर आणि आडनाव खाली असं दुमजली बसवलं. दुसऱ्या ठिकाणी लांबलचक पट्टी होती. तिथं त्यांनी अक्षरं ऐसपैस बसवली आणि शेवटी एक शेपूट सोडलं, कारण उजवीकडे जागा ओकीबोकी दिसत होती. तिसऱ्या ठिकाणी नुसती रेघ होती. रेघेवर त्यांनी अशी तिरकी, वळणदार सही केली, की बाई क्षणभर शिंकायच्या विसरल्या.

"काका, किती सुंदर!" त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पडला. "पण तिन्ही वेगळ्या आहेत."

"असणारच. जागा वेगळ्या आहेत."

"सही एकच असते ना हो माणसाची."

"माणूस एकच असतो," पेंटर म्हणाले. "अक्षर जागा बघून बसवायचं असतं. तीस वर्षं तेच केलं."

दुसरा फॉर्म आला. पेंटरांनी मन घट्ट केलं आणि तिन्हीकडे एकसारखी सही करायची असं ठरवलं. पण डबी समोर आली की हात आपोआप आवळे, आणि पट्टी आली की सैल होई. तीस वर्षांची सवय म्हणजे काय सदरा आहे, उतरवून ठेवायला? तिसरा फॉर्म. चौथा. बाकीच्या रांगेला आता या कामात रस आला होता. "डबीचा विचारच करू नका," ड्रायव्हर म्हणाला. "डोळे मिटून कर बाबा," आजी म्हणाल्या. डोळे मिटून केलेली सही टेबलावर गेली. चार वाजून वीस मिनिटं झाली.

मॅनेजर उठून आले. या खेपेला त्यांच्या आवाजात विजय नव्हता, पण हाताशी एक उपाय होता. त्यांनी निळ्या शाईचं पॅड पुढे सरकवलं.

"अंगठा," ते म्हणाले.

आता तुम्हीच सांगा. ज्याच्या हातची अक्षरं बघून अर्ध्या शहरातली मुलं 'अ' गिरवायला शिकली, ज्यानं कोर्टाची, शाळांची, पोलिसांची पाटी लिहिली, ज्याच्या अक्षरानं आत्ता नियम जिवंत केला, त्यानं अंगठा उठवायचा! पेंटरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "त्यापेक्षा स्टिकर लावा माझ्या नावाचा," असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

पण नजर पाटीवर गेली. शब्द टाकायचा नसतो, अक्षर बारीक करायचं असतं. पेंटरांनी आपला मान त्या क्षणी मावेल एवढा बारीक केला, अंगठा शाईत बुडवला आणि तिन्ही ठिकाणी उठवला. डबीत तेवढाच. पट्टीवर तेवढाच. रेघेवर तेवढाच.

"जुळला!" बाई ओरडल्या. मागून टाळ्या पडल्या.

पासबुकाच्या पहिल्या पानावर मॅनेजरनं स्वतःच्या हातानं लिहिलं: 'खातेदाराची सही जुळत नाही. या खात्यापुरता अंगठ्याचा ठसा ग्राह्य.' खाली शिक्का मारला. पेंटरांनी वाचून पाहिलं. "'ठसा'चा 'ठ' लुळा पडलाय तुमचा," ते म्हणाले. "असू द्या. जीव आहे त्यात."

पाचाला चार मिनिटं कमी असताना निळ्या अंगठ्याचा एक माणूस हॉस्पिटलच्या हिशेबनिसासमोर धापा टाकत उभा होता. हिशेबनिसानं क्रमांक पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि स्टिकरवाल्याचं दरपत्रक टेबलाच्या दुसऱ्या खणात टाकलं. त्या खणाला कुलूप लागल्याचा आवाज पेंटरांनी नीट ऐकून घेतला.

तीन आठवडे गेले. पहिले पैसे खात्यात येऊन पडले होते. साहेबांनी कोट परत नेला, आणि 'बघतोय म्हणा' या आपल्याच सल्ल्यानं काम झालं, असं ते सगळ्यांना सांगत होते. पेंटर एकशे एकेचाळीस क्रमांकाच्या दरवाज्यावर 'क्ष-किरण' लिहीत होते. 'क्ष' असा ताठ उभा केला होता, की पत्रकवाल्यांना बोलावून दाखवावा. बायको शाळेतून परस्पर डबा घेऊन आली होती, आणि तिच्या मागून मेहुणा आला.

"भाऊजी!" मेहुणा म्हणाला. त्याच्या काखेत फाइल होती. "काय हात आहे तुमचा! बरं, एक यंत्र बघून ठेवलंय. फुग्यांवर नावं छापणारं. तुमची फक्त एक सही..."

पेंटरांनी ब्रश खाली ठेवला नाही. डाव्या हातानं खिशातून पासबुक काढलं आणि पहिलं पान उघडून त्याच्यापुढे धरलं.

मेहुण्यानं वाचलं. "सही जुळत नाही म्हणजे?"

"म्हणजे मी कुठंही सही केली तरी ती माझी धरत नाहीत. शिक्का आहे बघ बँकेचा."

"मग अंगठा तरी?"

"पुढचं वाच, बाळ," बायको डबा उघडत म्हणाली. "'या खात्यापुरता.' शाळेत तुला तेच सांगत होते मी, प्रश्न शेवटपर्यंत वाचावा."

मेहुण्याचा चेहरा उतरला. फाइल काखेतून हातात आली. "चेष्टा नाही, ताई," तो म्हणाला. "दोन दुकानांत काम करतो मी आता, पण पगार ठेवायला जागा नाही. मला कुठली बँक दारातही उभी करत नाही. खातंच नाही मला."

पेंटर थांबले. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवलेली होती.

"मोठ्या बँकेत जा," ते म्हणाले. "आत शिरल्यावर डावीकडची भिंत. सातवी ओळ. जामीन लागत नाही, पत लागत नाही. सर्दीवाल्या बाईंना सांग, खालच्या कप्प्यातला फॉर्म द्या."

"पण भाऊजी, भिंतीवरचं कोणी पाळतं का?"

"पाळत नव्हते. झाकून ठेवत होते. आता झाकायला गेले, तर रांगेतल्या आजी ओरडतात."

मेहुणा गेला. जाताना फाइल कचऱ्याच्या डब्याशी क्षणभर थांबली, मग बरोबरच गेली. माणूस इतक्या लवकर सुधारत नाही, आणि सुधारला तर गोष्टी सांगणाऱ्यांनी जगायचं कसं?

पेंटरांनी 'क्ष-किरण'चा शेवटचा 'ण' पुरा केला, दोन पावलं मागं सरून पाहिलं, आणि मग सगळ्यात बारीक ब्रश घेऊन दरवाज्याच्या उजव्या कोपऱ्यात ते इवलं हिरवं पान काढलं. उद्या कुणी त्यावर काही डकवलंच, तर कुठे ओढायचं ते ठाऊक असावं म्हणून.